देवमाशांची सोयरीक

६ एप्रिल २००८, रविवार. पाडवा. हॅम्बर्ग

सुधा, पहिलं हे लिही की मला लिहिता येत नाही आणि त्याची मला लाज नाही. ज्यांना येतं त्यांनी काय दिवे लावले ते मी रोज बघतेय.

दुसरं लिही की मी रागात आहे.

काल दुपारी स्वयंपाकघरात नातीला चार शब्द सुनावत होते, तर खालच्या मजल्यावरची फ्राउ लोरेन्झन वर आली. दुपारी ह्या इमारतीत मोठ्यानं बोलायचं नाही म्हणे. रुहेत्साइट. जिन्यात तशी पाटी आहे. माणसाला राग काय घड्याळ बघून येतो? दिनकर, माझा मुलगा, विमानांच्या कारखान्यातला एवढा मोठा इंजिनिअर, त्या बाईपुढं "या, या, गेनाऊ" म्हणजे हो हो, अगदी बरोबर, करत मान डोलवत राहिला. आईपुढं त्याची मान इतकी कधी डोलली नाही. गावाकडं राग आला की मी परसात उभी राहून बोलायचे, ज्याला ऐकायचं तो ऐकायचा. इथं परसच नाही. तेव्हा सुधा, माझी सून, म्हणाली, "आई, तुम्ही बोला, मी लिहून घेते. वहीला रुहेत्साइट नाही." कधी कधी बरं बोलते ती.

तर रागाचं कारण. तीन महिन्यांच्या व्हिसावर मी इथं आले ती काही पाऊस बघायला नाही. नात क्षितिजा सत्तावीस वर्षांची झाली. देवमाशांची डॉक्टरकी करते, तीही मेलेल्यांची, त्यामुळं त्यांना तिचा काही उपयोग नाही. आणि माझ्या लेकीचा, कौमुदीचा मुलगा ओजस, गेल्या वर्षी श्टुटगार्टजवळ त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात लागला. दोघं एका देशात आली. मी म्हटलं, देवानंच हातात आणून दिलं. क्षितिजाच्या बारशाला पाळण्यावर हात ठेवून मी कौमुदीला शब्द दिला होता, ही तुझी सून.

आमच्यात भाचीवर पहिला हक्क आत्याचा. मला माझ्या आत्याच्या घरी दिली. माझ्या कौमुदीला तिच्या आत्याच्या घरी दिली, म्हणजे माझ्या नणंदेकडं, मनोरमावन्संकडं. आता क्षितिजानं कौमुदीकडं जायचं. सासू आत्याच असली की पोरीला परक्या उंबऱ्यावर रडायला नको. सुधा तेवढी बाहेरची. दिनकरनं कॉलेजात पाहिली आणि आणली. बाहेरची, असं लिही. हसतेस काय?

मे महिन्यात इथं फिंग्स्टनचा सण असतो, त्या सुट्टीत साखरपुडा ठरलाय. कौमुदीनं दिलेला शालू माझ्या बॅगेत आहे. आणि काल ही पोरगी कांदा चिरता चिरता म्हणते, "आजी, मी ओजसशी लग्न नाही करणार. आम्ही फार जवळचे आहोत."

"जवळचे आहात म्हणूनच तर करायचं!"

"देवमासेसुद्धा असं करत नाहीत, आजी."

म्हणजे आता माझ्या घराण्याला माशांचा दाखला. तिथून माझा आवाज चढला.

गुढी गॅलरीत उभारली. फ्राउ लोरेन्झन खालून मान वर करून बघत होती. बघू दे.

९ एप्रिल, बुधवार

दिनकरला मागचं वाचून दाखवायला लावलं. म्हटलं, ही सून काय लिहिते देव जाणे. तर सुधानं "बाहेरची" सुद्धा जसंच्या तसं लिहिलंय. बाई इमानी आहे. हे मात्र लिहू नकोस.

१३ एप्रिल, रविवार

बाजारात भाजीच्या पांढऱ्या काड्या आल्यात, श्पार्गल. इथली माणसं त्यांच्यासाठी वेडी होतात. सालं काढायला मी बसले, समोर क्षितिजा. म्हटलं, आज गोडीनं घ्यावं.

"सांग बाई, तुझे मासे कसे राहतात?"

"मासा नाही आजी तो."

"नाव देवमासा, आणि मासा नाही?"

"पोटाशी धरून दूध पाजतो. हवा खायला वर येतो. मासा कसा असेल?"

मग सांगत बसली. एक काळ्यापांढऱ्या देवमाशांची जात आहे. त्यात लेक आईला सोडत नाही आणि लेकही सोडत नाही. म्हणजे मुलगीही नाही आणि मुलगाही नाही. सगळ्यांत पुढं आजी. ती पोरं व्हायची बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं जगते, आणि कुठं खायला मिळेल ते तिला ठाऊक असतं. ती वळेल तिकडं घर वळतं.

मला फार आवडलं. म्हटलं, "हे खरं घर. बघ, शिकलेत ते. आणि सुना कशा असतात?"

"सून घरात नसते. दोन कुळं समुद्रात भेटतात, आपली जत्रा असते तशी. तिथं जमतं. मग ज्यानं त्यानं आपापल्या आईमागं जायचं."

"म्हणजे मुलगा जन्मभर आईपाशी. दिनकर, ऐकतोस का?"

"पण आपल्या कुळात जमवत नाहीत, आजी. चोवीस तास एकमेकांच्या अंगाला अंग लावून राहतात, पण आपल्या कुळात नाही."

"हे तुला कसं कळलं? बघायला गेली होतीस?"

"कातडीच्या तुकड्यावरून पिल्लाचा बाप शोधता येतो."

"लोकांच्या घरातलं उकरून काढायचं. ह्याला पगार देतात?"

सुधा फिस्सकन हसली आणि माझ्या हातून श्पार्गल मोडलं. मग मी स्पष्ट सांगितलं, की मला समुद्राचं सांगू नकोस. मी कौमुदीला शब्द दिलाय. शब्द मोडला तर ती मला दारात उभी करणार नाही, आणि बरोबरच करेल. मला एकच लेक आहे.

क्षितिजा म्हणाली, "आणि मी?"

उद्धट.

१९ एप्रिल, शनिवार

ओजस आला. सात-आठ तासांचा प्रवास करून पोरगा आला, आजीला वाकून नमस्कार केला. दिसायला अगदी आमच्यातला. जेवणं झाली, भांडी घासायला क्षितिजाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघांचं काय हसणं, काय खुसुरफुसुर! मी दिनकरला डोळ्यानं खुणावलं, बघ. मधे तीन वेळा त्याला फोन आला, तीनही वेळा गॅलरीत गेला. कामाचा फोन म्हणे, सुट्टीच्या दिवशी. मोटारींच्या कारखान्यात माणसं इतक्या हळू आवाजात बोलत असतील असं वाटलं नव्हतं.

सगळं जुळून आलं होतं. मग चहाच्या वेळी मीच म्हणाले, "काय रे, आवडते ना मामाची मुलगी?" तर हे बावळट म्हणतं, "आवडते की आजी. दर वर्षी न चुकता राखी येते तिची. मामी पाठवते पाकिटातून."

राखी! आतेभावाला राखी! ज्याच्या गळ्यात माळ घालायची त्याच्या मनगटाला दोरा! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही. मी सुधाकडं बघितलं. ती चहात साखर ढवळत होती. साखर कधीच विरघळली होती.

"सुधा, हे काय?"

"मला कुठं माहीत आई, तुमच्यातलं? मी बाहेरची."

लिही. तुझ्याच हातानं लिही.

२० एप्रिल, रविवार

आज मी सुधाशी बोलत नाही. दिनकर मधे बसलाय. मी त्याला सांगते, तो तिला सांगतो, ती लिहिते. दिनकर, तिला सांग की राखीचा दोरा कच्चा असतो, मोजणीत धरायचा नाही.

ती काय म्हणते?

लिहिते म्हणते. बरं.

२७ एप्रिल, रविवार

काल काही सांगितलं नाही. काल मला बोलता येत नव्हतं. आज सांगते, सुधा, मधे थांबू नकोस.

क्षितिजा म्हणाली, "आजी, एकदा माझं काम बघ, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे." बंदरातल्या बोटीनं गेलो. पाऊस तोंडावर. तिच्या इन्स्टिट्यूटमध्ये तळघरात एक लांब खोली, तिच्यात कप्पे, कप्प्यांत हाडं. तपकिरी, वाळक्या लाकडासारखी. एक जबडा होता, आमच्या गोठ्याच्या तुळईएवढा. हात लावायला गेले तर म्हणाली, हातमोजे घाल, नाहीतर तुझं कूळ माझ्या कागदावर येईल. हसायचं होतं म्हणून हसले.

ही हाडं दोन-तीनशे वर्षांपूर्वीची. ह्याच बंदरातून तेव्हा गलबतं उत्तरेला जायची, देवमासे मारायला. चरबीचं तेल दिव्याला. आणि तोंडातली झालर, तिच्या पट्ट्या, गोऱ्या बायकांच्या घट्ट चोळ्यांना. कंबर बारीक दिसावी म्हणून. मी त्या पट्ट्या बघितल्या. कुणाच्या कमरेपायी कुणाचं घर बसलं बघा. माझा राग तिथं पहिल्यांदा क्षितिजाला सोडून दुसरीकडं गेला.

"तू ह्यात काय शोधतेस?"

"हाडाची पूड करायची आणि बघायचं, हा कुठल्या आईच्या ओळीतला. तेव्हा कितीतरी तऱ्हेच्या ओळी होत्या, आजी. आता जे जिवंत आहेत त्यांच्यात थोड्याच सापडतात."

"मारले म्हणून?"

"मारले हे मोठं कारण. पण एकटं नाही. फार पूर्वी बर्फ पसरलं तेव्हा समुद्राचे तुकडे पडले, कळप ताटातूट होऊन राहिले, तिथून काही कुळं वेगळी झाली. काही जातींत नर लांब लांब फिरतात, ह्या समुद्रातलं त्या समुद्रात नेतात, त्यानं भर पडते. आणि आई. आई पिल्लाला जिथं चरायला नेते तिथंच ते मोठं झाल्यावर आपलं पिल्लू नेतं. ती आई मारली गेली की वाट विसरली जाते. समुद्र मोकळा असतो, खायला भरपूर असतं, आणि कुणी येत नाही. सांगणारीच उरली नाही ना."

मी म्हटलं, "मग उरले ते?"

"एका जातीचे पलीकडं अमेरिकेच्या किनाऱ्याला तीनेकशे उरलेत. सगळे एकमेकांचे आते-मामे."

"मग बरंच की," मी म्हणाले. सवयीनं म्हणाले.

"नाही ना आजी. माद्यांना पूर्वीसारखी पिल्लं होत नाहीत. उपासमार आहे, जहाजांची धडक आहे, जाळी आहेत. पण हेही आहे. जी पिल्लं होतात त्यांचे आईबाप तपासले तर वाटेल त्यापेक्षा लांबचे निघतात. जवळच्यांची बहुधा धरतच नाहीत, नाहीतर पोटातच जातात, असं दिसतंय."

मी त्या जबड्याजवळ उभी होते. म्हटलं, "आणि जन्मून जाणारी?"

"म्हणजे?"

"जन्मतात. अंगावर पितात. हसतात सुद्धा. आणि मग मान टाकतात. तशी?"

तिनं हातमोजे काढले. "कुणाची, आजी?"

माझी. अजून कुणाची? दिनकरच्या आधी दोन, कौमुदीच्या आधी एक. जन्मताना गुटगुटीत. मान धरायची वेळ आली की धरायची नाहीत. कापडासारखी व्हायची. वर्षाच्या आत संपायची. 

"तिघांचं सारखंच?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, "अगदी सारखंच?" आणि तिचा चेहरा उतरला.

सुधा, थांबू नकोस म्हटलं ना.

माझी आत्या, म्हणजे सासू. पहिलं गेलं तेव्हा नजर लागली म्हणाली. दुसरं गेलं तेव्हा तिनं वाटीत माझं दूध काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. दुधात मुंगी मरेल नाहीतर काय पोहेल? पण घराचं ठरलं, हिच्या दुधात खोट. दिनकर झाला तेव्हा त्याला शेळीचं दूध घातलं. तो जगला. मग तर पक्कंच झालं. पुढच्यालाही शेळीचंच घातलं, ते गेलं. तर म्हणे हिनं चोरून पाजलं असणार. कौमुदी झाली, तिलाही शेळीचं, ती जगली. तिन्ही पोरांच्या वेळी माझं दूध मी मोरीत पिळून टाकलं. त्या घरात माझा पान्हा मोरीनं प्यायला. आणि तिला मी आत्या म्हणायचे! माझ्या बापाची सख्खी बहीण. परक्या उंबऱ्यावर रडायला नको म्हणून दिलेली मी.

मी क्षितिजाला विचारलं, "ती नात्यात दिल्यानं गेली का? दूध नाही, नातं?"

ती म्हणाली, "आजी, आता सांगता येत नाही. तपासणी नाही, काही नाही. असं होण्याचा धोका वाढतो एवढंच खरं. पुष्कळांना नात्यात करूनही काही होत नाही."

सांगता येत नाही! दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराची आई कोण हे हिला सांगता येतं, आणि माझी पोरं कशानं गेली ते सांगता येत नाही! मी त्या कप्प्यावर हात आपटला. पलीकडं कामाला बसलेली गोरी पोरगी धावत आली. क्षितिजा तिला म्हणाली, माझी आजी आहे, तिला रागावू दे.

आत्या मेली. हे, क्षितिजाचे आजोबा, गेले. सगळे सुटले. आता जाब कुणाला विचारू, सांगा. फ्राउ लोरेन्झनला?

१ मे, गुरुवार

आज सुधाला मी विचारलं, राखी का पाठवलीस, खरं सांग.

म्हणाली, "लग्न झाल्यावर ह्यांनी मला लहानपणीचं सांगितलं होतं. पाठीवरच्या भावाची मान धरायला ह्यांना बसवायचे म्हणून. माझ्या मनातून ते गेलं नाही. क्षितिजाच्या बारशाला तुम्ही शब्द दिलात, तेव्हा मी बाळंतीण, मी काय बोलणार?"

"मला का नाही म्हणालीस इतकी वर्षं?"

"म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. तिला घालून पाडून बोलले असते. म्हणून तिनं पाकिटातून दर श्रावणात एक दोरा पाठवला. मला न भांडता हरवलं. ह्याचाही मला रागच आला आहे, पण तो जरा वेगळा आहे. कसा ते लिहायला सांगता येत नाही.

तू रडतेस का लिहितेस?

४ मे, रविवार

कौमुदीला फोन लावला. म्हटलं, साखरपुडा होणार नाही.

"क्षितिजा नाही म्हणाली ना? मला वाटलंच होतं. जर्मनीत वाढलेली पोरगी."

"तिचं नाव घेऊ नकोस. मी नाही म्हणते."

"तू? शब्द तू दिला होतास, आई."

"मीच दिला, मीच परत घेते. पावण्यारावळ्यांत माझं नाव सांग. म्हातारीचं डोकं फिरलं म्हण."

"का पण? ओजसमध्ये काय कमी आहे?"

ह्या प्रश्नाला मला उत्तर होतं, पण फोनवर लेकीला तिच्या एकुलत्या एक मुलाबद्दल, तिच्या घराबद्दल, तिला मीच दिलेल्या त्या घराबद्दल काय सांगायचं? म्हटलं, "त्याच्यात काही कमी नाही. आपल्यात जास्त झालंय." तिला कळलं नाही. म्हणाली, शालू परत आण, आणि ठेवला फोन. पुन्हा लावला तर उचलला नाही. परत लावला. नाही.

क्षितिजा मागून येऊन गळ्यात पडली. म्हणाली, "आजी, थँक्यू गं." मी तिला झटकलं. म्हटलं, तुझ्यासाठी लेक घालवून बसले, आणि थँक्यू म्हणतेस? जा, तुझ्या हाडांचं बघ. ती गेली नाही. शेजारी बसून राहिली. मीही फार ढकललं नाही.

११ मे, रविवार. फिंग्स्टन

आज साखरपुडा असता. ओजस तरीही आला. दारातच म्हणाला, "आजी, आभार." ह्या पोरांना काय आभाराचा रोग झालाय कळत नाही. मग खाली बघून म्हणाला, एक मुलगी आहे, मैथिली, ड्युसेलडॉर्फला जपानी कंपनीत असते. तेव्हा मला त्या गॅलरीतल्या फोनांचा उलगडा झाला. आणि त्या खुसुरफुसुरीचाही. माझ्या नाकासमोर भांडी घासत दोघांनी मला घासलं.

"घरचे कुठले?"

"मूळचे इंदूरचे."

"नात्यागोत्यात कुठं आपल्याशी जुळतात?"

"कुठंच नाही, आजी." घाबरत म्हणाला बिचारा.

"नीट बघ. पाच पिढ्या मागं जाऊन बघ. कुठंच नाही?"

"कुठंच नाही."

"मग तोंड काय पाडतोस? पेढे आण."

त्याला मी समोर बसवून सगळं सांगितलं. हाडं, मुंगी, मोरी. तो वाकून आपल्या हातांकडं बघत राहिला. म्हणाला, "आईला सांगू?" मी म्हटलं, तुझी आई माझा फोन घेत नाही. तुझा घेते का बघ.

१५ मे, गुरुवार

आज सकाळी कौमुदीचा फोन आला. दिनकर कामावर, क्षितिजा हाडांकडं. सुधानं उचलून माझ्या कानाला लावला आणि उठून जायला लागली. मी तिचा पदर धरून बसवली. आता ही लिहिते आहे ते दोघींनी ऐकलेलं आहे.

कौमुदी म्हणाली, "आई, ओजसनं सांगितलं."

"हं."

"तुझ्या दुधाचं मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं त्यात?"

 मग म्हणाली, "ओजसच्या आधी माझी दोन पोटात गेली. ती पण त्यानंच का गं?"

माझ्या नातीच्या ज्या बोलण्यावरून मी कप्प्यावर हात आपटला होता, तेच माझ्या तोंडात आलं. दुसरं खरं काही नव्हतंच. "सांगता येत नाही, कौमुदे."

आणि लगेच पुढं म्हटलं,

"पण तुझ्यात खोट नव्हती. हे सांगता येतं. हे मी सांगते."

ती रडली. लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. मी थांबवलं नाही. मग नाक ओढून म्हणाली, "अजून म्हणतात गं आई. परवा पापड लाटायला बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणाल्या, हिच्या पोटात आग होती, दोन जाळली, नशीब एक तरी वाचलं. मी लाटत राहिले."

"कोण म्हणालं?"

"दुसरं कोण? सासूबाई."

मनोरमावन्सं. माझी नणंद, माझ्या त्या आत्याची लेक. तेव्हा परकरात होती, दारात उभं राहून सगळं बघायची. बघून काय शिकायचं ते शिकली.

"कुठं आहेत वन्सं?"

"बाहेरच्या खोलीत. टीव्ही बघतायत."

"फोन दे त्यांच्याकडं."

"नको आई. तुझं वय काय, त्यांचं काय. उगीच भांडण होईल. मला ह्याच घरात राहायचंय."

"राहायचंय म्हणूनच. दे."

 मग तिच्या पावलांचा आवाज आला. एक दार. टीव्हीवरची कुणीतरी बाई मोठ्यानं रडत होती. कौमुदी म्हणाली, "आत्या, आईचा फोन आहे. तुम्हालाच मागतेय." सुधानं माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवू दिला.

"काय वहिनी?" वन्संचा आवाज अगदी गोड. "जर्मनीतून आमची आठवण? बऱ्या आहात ना?"

मी म्हटलं, "बरी नाही. रागात आहे. तो टीव्ही बंद करा, वन्सं, आणि खाली बसा."